कॅप आतून कोरी होती

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तिळाची वडी चावताना उजवीकडे 'टक्' झालं आणि जिभेला एकदम अनोळखी जागा लागली. वडी बाहेर काढून पाहिली तर तिच्यात माझी दाढ रुतलेली. म्हणजे दाढेवरची कॅप. पांढरी, झिरकोनिया नावाच्या कडक सिरॅमिकची, चौदा महिन्यांपूर्वी रूट कॅनलनंतर बसवलेली. मी म्हटलं, पाक चुकला. बायको म्हणाली, "पाक बराबर आहे. सगळे खाऊन राहिले, कोणाचा दात हातात आला का?" यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

मी सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला स्थापत्य अभियंता. उभी हयात सिमेंटमध्ये गेली, त्यामुळे डॉक्टर 'सिमेंटने बसवू' म्हणाले तेव्हा मला तो शब्द घरचाच वाटला होता. तो घरचा नाही, हे कळायला कॅप दोनदा पडावी लागली.

पहिल्यांदा पडली तेव्हा बसवली होती तिथेच घेऊन गेलो. दहा मिनिटांचं काम झालं. कॅप नळाखाली धुतली, दात कापसाने पुसला, पावडर आणि द्रव कालवून कॅपमध्ये भरलं, "काका, कापूस चावून धरा." घरी येईपर्यंत मी विसरूनही गेलो. बरोबर तीन आठवड्यांनी सावजीच्या रश्शात भाकरी बुडवून खाताना ती पुन्हा निघाली. या वेळी चिकट काही नव्हतं, चावायलाही विशेष काही नव्हतं. रस्सा तिखट होता म्हणून पाणी प्यायला थांबलो आणि कॅप जिभेवर आली. नाही तर गिळलीच असती.

मग मी जे केलं ते कोणी करू नये. बायकोच्या कुंकवाच्या रिकाम्या डबीत कॅप ठेवली आणि जवळजवळ चार महिने डाव्या बाजूने जेवलो. डाव्या बाजूला वर एक जुनी उपदाढ होती, तिच्यात वीसेक वर्षांपूर्वी चांदी भरलेली. सगळा भार तिच्यावर आला. मे महिन्यात एका दुपारी तिचा कोपरा तुटला आणि थंड पाणी लागताच डोक्यात कळ गेली. तेव्हा कुठे मी हललो.

साडूंची मुलगी नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात शिकते. तिला फोन केला. ती म्हणाली, "काका, आता कॅपवाल्या स्पेशालिस्टकडेच जा. आणि कॅप घासू नका, आहे तशी न्या." धरमपेठेतल्या एका बाईंचं नाव तिने सुचवलं. दुपारी चारची वेळ, बाहेर पंचेचाळीस अंश, डोक्याला दुपट्टा बांधून गेलो.

बाईंनी आधी कॅप मागितली. डबी उघडली तर कडेला लाल लागलेलं. हे रक्त नाही, कुंकू आहे, हे आधी सांगावं लागलं. मग नेहमीचा प्रश्न: "खर्रा खाता का?" नागपुरात हा प्रश्न रक्तदाबाच्या आधी विचारतात. मी म्हटलं, नाही, सुपारी कधीमधी. "कधीमधी म्हणजे?" "जेवणानंतर." त्यांनी लिहून घेतलं.

त्यांच्या चष्म्यावर भिंगं बसवलेली होती. त्या भिंगांतून त्या कॅप उलटी करून बराच वेळ बघत राहिल्या, मग माझ्या तोंडात आरसा घालून दात बघितला. "काका, कॅप आतून कोरी आहे. सिमेंट सगळं दातावर राहिलंय."

हे वाक्य ऐकलं आणि मी खुर्चीवरच उठून बसलो. कारण हे दृश्य मी शंभर वेळा पाहिलेलं आहे. भिंतीवरची व्हिट्रिफाइड टाइल पडते तेव्हा मागचा मसाला भिंतीला तसाच असतो आणि टाइलची पाठ कोरी करकरीत. मालक गवंड्यावर ओरडतो की सिमेंट कमी टाकलं. सिमेंट कमी नसतंच. शहाबादी फरशी मसाल्याचं पाणी पिते, धरून बसते. व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीतच नाही. अर्ध्या टक्क्याच्याही आत तिचं शोषण. तिला साध्या सिमेंटचा मसाला चालत नाही, पॉलिमरचा ॲडहेसिव्ह लागतो. आणि तोही लावायच्या आधी पाठीवरची भट्टीतली पांढरी भुकटी ब्रशने काढावी लागते, नाही तर ॲडहेसिव्ह भुकटीला चिकटतो आणि भुकटीसकट सुटतो.

मी हे सगळं बाईंना सांगितलं. त्या हसल्या. "बस, हेच. झिरकोनिया तुमची व्हिट्रिफाइड टाइल आहे." त्यानंतर आमचं बोलणं सोपं झालं. मला वाटतं त्यांनाही बरं वाटलं असावं. एरवी पेशंट 'मजबूत सिमेंट लावा' एवढंच म्हणतात.

दोष त्यांनी कोणाला दिला नाही. दोन गोष्टी दाखवल्या. एक, माझी दाढ मुळात बुटकी. कॅपसाठी तासल्यावर तिच्या भिंती जेमतेम तीन मिलिमीटर उरल्या होत्या आणि वरच्या बाजूला जास्त निमुळत्या. दाढेला निदान चार मिलिमीटर उंची हवी असते. दुसरी, लावलेलं सिमेंट अशा जातीचं होतं की ते कॅपला खरं चिकटत नाही, फटीत भरून तिला अडकवून ठेवतं. भिंती उंच आणि सरळ असत्या तर ते पुरलं असतं. निमुळत्या खुंटीवर टोपी घातली तर ती नुसती वर ओढली की निघते.

मला आईची कॅप आठवली. १९८७ साली इतवारीतल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी बसवलेली धातूची कॅप. आई गेली तेव्हाही ती जागेवर होती. मी तेव्हा तिच्यासोबत गेलो होतो. डॉक्टरांनी फ्रिजमधून जाड काचेची पट्टी काढली, पुसली, तिच्यावर पावडर आणि दोन थेंब टाकून चपट्या पातीने ती सगळ्या काचेभर पसरत कालवली. पट्टी थंड कशाला, तर उन्हाळ्यात सिमेंट हातातच आवळतं. ते झिंक फॉस्फेट. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेलं. बाईंनी सांगितलं ते ऐकून मला नवल वाटलं: झिंक फॉस्फेट दाताला रासायनिक रीतीने चिकटतच नाही. तरी आईची कॅप टिकली, कारण दात उंच होता आणि धातू घट्ट बसवलेला होता. म्हणजे तिथे काम सुताराचं होतं, गोंदाचं नव्हतं.

कामाला त्या दिवशीच सुरुवात झाली. एक्स-रेमध्ये दाढेच्या कडेला बारीक कीड दिसली. कॅप जागेवर असतानाच ती सैल होऊन आत लाळ झिरपत असणार. म्हणजे जुनी कॅप बादच. कीड काढली, दातावरचं जुनं सिमेंट कंपनाच्या यंत्राने पूर्ण सोलून काढलं, मधला गाभा नव्याने भरला. भिंतींची उंची वाढवता येत नव्हती, म्हणून दोन्ही बाजूंना उभ्या बारीक खाचा पाडल्या. मी विचारलं, "शिअर की?" त्यांना शब्द माहीत नव्हता, पण तेच होतं. काँक्रीटच्या दोन थरांत खाच ठेवतो तशी. ओढ आली की नुसत्या गोंदावर भार येऊ नये.

वरच्या डाव्या उपदाढेला सुन्न करून जुनी चांदी काढली. इथे पूर्ण कॅप नको म्हणाल्या, तुटलेला कोपरा आणि वरचा भाग झाकणारा सिरॅमिकचा तुकडा पुरेल; इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक कवच, जितकं वाचेल तितकं वाचवू. माप घेण्याच्या आधीच त्यांनी ताज्या तासलेल्या भागावर बाँडिंगचा, म्हणजे चिकटवणाऱ्या द्रवाचा, थर लावून लाइटने कडक केला. कारण कापल्याबरोबरचा दात सर्वांत स्वच्छ असतो. आठवडाभर टेम्पररी झाकणाखाली राहिल्यावर तो तसा राहत नाही. मग कांडीसारखा कॅमेरा तोंडात फिरवून स्कॅन. लापशीसारखा गिळगिळीत मसाला भरलेला ट्रे चावायला लागला नाही, याचा आनंद मी मोठ्याने व्यक्त केला.

टेम्पररी बसवताना मला एक कमी जाणवली. लवंगेचा वास नव्हता. दाताच्या दवाखान्याचा वास म्हणजे लवंग, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. बाई म्हणाल्या, मुद्दामच. लवंगेतलं युजेनॉल दातावर राहिलं तर नंतर लावायचं रेझिन सिमेंट, म्हणजे त्यांचा पॉलिमरचा ॲडहेसिव्ह, नीट कडक होत नाही. आठ दिवस राहणारी वस्तू पुढच्या दहा वर्षांचं नुकसान करून जाते.

आठ दिवसांनी पुन्हा खुर्चीत. हा दिवस मला नीट सांगायचा आहे, कारण बसवणं दहा मिनिटांचं काम असतं असं मी समजत होतो आणि या बाईंना दोन तुकड्यांना मिळून दीड तास लागला. त्यातला सिमेंट लावण्याचा वेळ असेल दहा मिनिटं. उरलेला सगळा वेळ सिमेंटच्या आधीचा.

पहिल्यांदा दोन्ही तुकडे कोरडेच घालून पाहिले. बसतात का, कड जुळते का, चावताना उंच लागतात का. इथे तुकड्यांना लाळ लागली. झिरकोनियाच्या कॅपसाठी ही लाळच खरी वैरीण. झिरकोनियाला फॉस्फेट फार आवडतं. त्याच्यासाठी जो प्रायमर वापरतात, त्याच्यातला एमडीपी नावाचा रेणू एका टोकाला फॉस्फेट घेऊन येतो आणि त्या टोकाने झिरकोनियाला धरतो, दुसऱ्या टोकाने रेझिनला. पण लाळेतही फॉस्फेट असतं. ते आधी येऊन जागा अडवून बसलं की प्रायमरला जागाच उरत नाही. पाण्याने धुऊन ते जात नाही. आणि नेहमीचं फॉस्फोरिक आम्ल लावून साफ करायला गेलो तर आणखी फॉस्फेट टाकल्यासारखं होतं. जानेवारीत माझी कॅप नळाखाली धुतली होती ते मला आठवलं. भुकटीवर पाणी मारलं होतं फक्त.

बाईंनी कॅप आतून सँडब्लास्ट केली. पन्नास मायक्रॉनची अॅल्युमिनाची भुकटी, कमी दाबाने, एका छोट्या पेटीत हात घालून. लाळ गेली, वर पृष्ठभाग खडबडीत झाला. मग प्रायमर. त्यानंतर कॅप त्यांनी बोटांनी आतून धरली नाही, मदतनीस ताईंनाही धरू दिली नाही. वाळूचा फवारा मारून खडबडीत केलेल्या स्लॅबवर मी सुपरवायझरला चपला घालून चालू देत नसे, तसंच.

वरच्या उपदाढेचा तुकडा दुसऱ्या जातीचा होता, लिथियम डायसिलिकेट. दिसायला दोन्ही पांढरे. मला तर कोणता कोणता तेही सांगता आलं नसतं. पण याच्यात काच असते, म्हणून याचं औषध वेगळं. बेसिनजवळ जाऊन, नवे हातमोजे घालून, त्यांनी त्याच्या आतल्या बाजूला पाच टक्क्यांच्या आतलं हायड्रोफ्लोरिक आम्ल वीस सेकंद लावलं. घड्याळ लावून. ते काचेचा भाग खातं आणि बारीक खाचखळगे उघडे पाडतं. हे आम्ल खतरनाक, म्हणून ते तोंडाबाहेरच वापरतात. धुऊन, वाळवून मग सायलेन, एक मिनिट. सायलेन म्हणजे काच आणि रेझिन यांच्यातला दुवा. तेच आम्ल झिरकोनियाला लावलं तर काय होईल, मी विचारलं. "काही नाही. त्याच्यात काचच नाही, खाणार काय?" म्हणजे एकाची तयारी दुसऱ्याला करून ठेवली तर डोळ्यांना दोन्ही सारखीच चकाचक दिसणार आणि एक काही महिन्यांनी रश्शात निघणार.

मग रबर डॅम. निळी रबराची चादर, तिला छिद्र, त्यातून फक्त दात बाहेर. श्वास नाकाने. पहिली दोन मिनिटं मला कोंडल्यासारखं झालं, नंतर सवय झाली. याने तोंडातली वाफसुद्धा दातापासून दूर राहते. आमचं सिमेंट पाण्याने पिकतं. तराई केली नाही की भेगा. इथे सगळं उलटं. रेझिनला लावताना पाणी अजिबात चालत नाही, ग्लास आयोनोमर नावाच्या दाताच्या दुसऱ्या सिमेंटलाही सुरुवातीची काही मिनिटं पाण्यापासून जपावं लागतं. सिमेंट एवढंच नाव सारखं.

उपदाढेच्या इनॅमलला फॉस्फोरिक आम्लाची निळी जेल, मग धुणं, वाळवणं, बाँडिंग, सिमेंट, तुकडा जागेवर, दाब. कडेने सांडलेलं सिमेंट दोनच सेकंद लाइट दाखवून दह्यासारखं घट्ट केलं आणि साल निघावी तसं एका झटक्यात काढलं. दोन दातांमधून दोरा ओढला. कडांवर ग्लिसरीनची जेल लावून मग प्रत्येक बाजूने पूर्ण लाइट, कारण हवेतल्या ऑक्सिजनमुळे सिमेंटचा सर्वांत बाहेरचा थर कच्चा राहतो आणि कडेलाच कच्चं राहिलं तर झीज तिथूनच सुरू. झिरकोनियातून प्रकाश कमी जातो, म्हणून दाढेसाठी प्रकाशाबरोबरच स्वतःहूनही कडक होणारं सिमेंट. त्याची जाडी विचारली, तर पन्नास मायक्रॉनच्या आत. केसापेक्षा बारीक. आम्ही भिंतीला बारा मिलिमीटर मसाला मारून वर खात्री देत नव्हतो.

त्या रात्री झोप आली नाही, सुन्नपणा उतरत होता. मोबाइलवर वाचत बसलो. इनॅमलला आम्ल लावून पकड वाढवायची कल्पना अमेरिकेतल्या मायकेल बुओनोकोरे यांनी १९५५ मध्ये मांडली. धातूला रंग चांगला धरावा म्हणून कारखान्यात फॉस्फोरिक आम्ल लावतात, त्यावरून त्यांना ती सुचली. मी पुलाच्या लोखंडाला हे करून घेतलेलं आहे. दाताचं कोणाच्या मनात येईल! ग्लास आयोनोमर १९७२ मध्ये विल्सन आणि केंट यांनी जगापुढे ठेवलं, लंडनच्या सरकारी रसायनतज्ज्ञांच्या प्रयोगशाळेतून. सरकारी खात्यातून इतकी टिकाऊ चीज निघाली, हे वाचून मला वैयक्तिक समाधान वाटलं. आणि एमडीपी जपानच्या कुरारे कंपनीत १९८१ साली तयार झालं, झिरकोनियाच्या कॅप घरोघरी पोहोचायच्या बऱ्याच आधी.

टाके नव्हते, तरी आठवड्याने दाखवायला बोलावलं होतं. तेव्हा मी तो प्रश्न विचारलाच, जो आयुष्यभर लोकांनी मला विचारला: किती वर्षं टिकेल?

बाईंनी आकडा दिला नाही. म्हणाल्या, प्रयोगशाळेत चिकटवलेले दात पाच अंशांच्या आणि पंचावन्न अंशांच्या पाण्यात आळीपाळीने बुडवतात, हजारो वेळा. दहा हजार बुड्या म्हणजे तोंडातलं साधारण एक वर्ष धरतात. मला बर्फगोळ्यावर तर्री पोह्याची प्लेट खाणारे नागपूरकर डोळ्यांसमोर आले. पण प्रयोगशाळेत रात्री दात खाणारा माणूस नसतो, सुपारी नसते, कडेला अडकलेला भात नसतो. तिथला आकडा दोन सिमेंटांची तुलना करायला चांगला, माझ्या दाढेची तारीख काढायला नाही.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला जास्त पटलं. इनॅमलवरची पकड वर्षानुवर्षं टिकते. आतल्या डेंटिनवरची पकड हळूहळू सुटत जाते. डेंटिन ओलसर, त्याच्यात कोलॅजेनचे धागे. रेझिन त्या धाग्यांत शिरून बसतं, पण सगळीकडे पोचत नाही. उघड्या राहिलेल्या धाग्यांना दाताचेच एन्झाइम कुरतडतात आणि पाणी रेझिनला आतून सोडवतं. ते एन्झाइम आवरायला त्यांनी सिमेंटच्या आधी क्लोरहेक्सिडिन लावलं होतं. त्याने वेग कमी होतो, थांबत नाही. म्हणून उपदाढेची कड त्यांनी सगळीकडून इनॅमलवर ठेवली होती, आणि दाढेला, जिथे तसं जमत नव्हतं, खाचा पाडल्या होत्या. भिंतीतली ओल बाहेरून येते असं आपण म्हणतो. जुन्या वाड्यांत ती पायातून वर चढते.

निघताना मी कार्ड मागितलं. जुन्या दवाखान्यात 'कोणतं सिमेंट होतं' हे विचारल्यावर कोणालाच आठवलं नव्हतं, नोंदही नव्हती. या बाईंनी दोन्ही दातांपुढे साहित्याचं नाव, सिमेंटचं नाव आणि तारीख लिहून दिली. काही झालंच तर पुढच्या डॉक्टरला निदान कळेल की झिरकोनिया कुठे आणि काचेचा तुकडा कुठे. ते कार्ड मी घराच्या नकाशाच्या फाइलमध्ये लावलं. बायकोने ते पाहून कपाळाला हात लावला.

आता बावीस महिने झाले. दाढ जशी बसवली तशी आहे. संक्रांत दोनदा आली आणि गेली. वड्या मी आधी हातोडीने फोडल्या, बायको रागावली. मागच्या महिन्यात तपासणीत बाईंनी टोकदार सळी कडेवरून फिरवली. दाढेवर सळी कुठे अडकली नाही. डावीकडच्या उपदाढेला मात्र तुकडा आणि दात यांच्या सांध्यावर फिकट तपकिरी रेघ दिसते. सिमेंट सिरॅमिकपेक्षा मऊ, कडेला ते आधी झिजतं, मग त्या खाचेत चहा आणि सुपारीचा रंग बसतो. त्यांनी पॉलिश केलं, रेघ फिकी झाली, गेली नाही. आत कीड नाही. फोटो काढून ठेवलाय. सहा महिन्यांनी दुसरा काढून दोन्ही शेजारी ठेवणार. सुपारी बंद करा म्हणाल्या. भिंतीतली भेग वाढते का हे कळावं म्हणून आम्ही तिच्यावर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहून ठेवायचो, तशी ती रेघ आता मीही रोज दात घासताना आरशात बघतो.